आकाशांतील खर्च आणि शेतकऱ्याचा हिशेब

शके १९४४ च्या वर्षप्रतिपदेस, म्हणजे २ एप्रिल २०२२ रोजीं, विदर्भांत घरोघरीं गुढ्या उभारल्या गेल्या, कडुनिंबाचा प्रसाद वांटला गेला आणि वडील मंडळींनीं रिवाजाप्रमाणें पंचांगांतील पर्जन्यविचार वाचून दाखविला. त्याच दिवशीं सायंकाळीं आकाशांतून जळते गोळे एकामागून एक सरकत जातांना लोकांनीं पाहिले, आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील सिंदेवाही तालुक्यांत लाडबोरी गांवीं सुमारें दहा फूट व्यासाचें धातूचें एक कडें येऊन पडलें. सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं. तो एखाद्या चिनी अग्निबाणाचा अवशेष असावा, असा तज्ज्ञांचा तर्क झाला.

आकाशांतील उद्योगाशीं आपल्या शिवाराचा संबंध कोणता, हा प्रश्न अशा प्रसंगीं सहजच मनांत येतो. आणि शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत तर तो केवळ बैठकींतल्या वादाचा विषय नव्हे. कर्जानें आणि नापिकीनें खचलेल्या विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं केंद्र सरकारनें २००६ सालीं ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत वर्धा एक होता. ज्या घरांतील कर्ता पुरुष कर्जापायीं जीवास मुकला, त्या घरच्या माउलीनें 'चंद्रावर जाण्यास पैसा आहे, मग आम्हांसच कां नाहीं?' असें विचारलें, तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

परंतु प्रश्न न्याय्य असला तरी त्याचें उत्तर आंकड्यांवांचून देतां येत नाहीं. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चंद्रावर उतरलेल्या चांद्रयान-३ चा खर्च सुमारें ६१५ कोटी रुपये सांगितला गेला. २००६ ची ती योजना याच्या सहापट होती. २०२४-२५ च्या अंदाजपत्रकांत अंतराळ विभागास सुमारें १३,०४३ कोटी रुपये ठरविले होते, आणि सरकारचा एकंदर खर्च ४८ लक्ष कोटींहून अधिक होता. म्हणजे शंभर रुपयांत सत्तावीस पैसे! हे पैसे वांचविल्यानें दारिद्र्य हटेल, ही समजूत भाबडी आहे. तथापि रक्कम लहान म्हणून ती खर्चण्यास मोकळीक, हा युक्तिवादही आम्हांस मान्य नाहीं. सत्तावीस पैसे झाले तरी त्यांत गरिबाचा वांटा आहेच.

या वादांत वर्ध्याचे लोक हटकून सेवाग्रामचा दाखला देतात. १९३६ सालीं गांधीजी शेगांवीं राहावयास आले, तेव्हां निवासावर पांचशें रुपयांहून अधिक खर्च करूं नये, अशी त्यांची अट होती. पण याच गांधीजींच्या प्रेरणेनें १९२९ सालीं उत्तम चरख्याच्या शोधासाठीं एक लाख रुपयांचें पारितोषिक जाहीर झालें होतें! स्वतःच्या निवाऱ्यासाठीं पांचशें आणि खेड्यांतील हातांस काम देणाऱ्या यंत्राच्या शोधासाठीं लाख, या दोन गोष्टींत विसंगति नाहीं. खर्च किती, यापेक्षां तो कोणाच्या उपयोगीं पडणार, हीच त्यांची कसोटी होती.

तीच कसोटी येथें लावून पाहूं. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे १९७९ ते १९८५ या काळांत संचालक असलेले आपले डॉ. वसंत गोवारीकर अग्निबाणाच्या इंधनाचे जाणकार. परंतु पुढें त्यांनीं आपलें लक्ष पावसाकडे वळविलें. वारा, तापमान, बर्फ इत्यादि सोळा घटकांवरून मान्सूनचें भाकीत करण्याची पद्धति १९८८ पासून त्यांच्या नेतृत्वाखालीं प्रचारांत आली. २००२ च्या अवर्षणानें ती चुकविली आणि तिच्यांत बदल करावा लागला, हेंही सांगितलें पाहिजे. तसेंच १९९९ च्या चक्रीवादळांत ओरिसांत सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. २०१३ च्या फायलिन वादळाच्या वेळीं उपग्रहांच्या साहाय्यानें पूर्वसूचना मिळून लाखों माणसें आधींच हलविलीं गेलीं, आणि मृतांची संख्या कांहीं दशकांपुरतीच राहिली. या खर्चास उधळपट्टी कोण म्हणेल?

पण वर्ध्याचा कास्तकार वादळाची नव्हे, तर पहिल्या सरीनंतर पडणाऱ्या उघाडीची धास्ती घेतो. पेरणी करावी कीं आठ दिवस थांबावें, एवढेंच त्यास कळावयास हवें असतें. चुकलें कीं दुबार पेरणी, नवें बियाणें आणि पुन्हां सावकार. संपूर्ण जिल्ह्याचा अंदाज त्याच्या शिवारास पुरत नाहीं. आकाशांतून हजारों कोसांवरचे ढग टिपले जातात. ती वार्ता शेवटच्या दोन कोसांत अडून राहिली, तर सारा खर्च त्याच्यापुरता व्यर्थच.

मनुष्यास अंतराळांत पाठविण्याच्या गगनयान योजनेस २०१८ सालीं सुमारें दहा हजार कोटी मंजूर झाले, आणि २०२४ सालीं तिचा विस्तार होऊन रक्कम वीस हजार कोटींवर गेली. तिचें फळ ढगांच्या चित्राइतकें लगेच दाखवितां येत नाहीं. ती बंद करावी असें आम्ही म्हणत नाहीं. तिचा हिशेब मात्र अधिक काटेकोरपणें मागितला पाहिजे.

एकत्र कुटुंबांत असे प्रसंग नवे नाहींत. घराचें छप्पर गळत असतांही एका हुशार मुलास शिक्षणासाठीं पुण्यास ठेवावें लागतें, आणि माजघरांत कुजबूज सुरू होते. तेथें 'तुम्हांस काय कळतें!' असें दटावणारा कर्ता घर फोडतो. जो शहाणा असतो तो चोपडी सर्वांपुढें ठेवतो, छपराची डागडुजीही त्याच वर्षीं करतो, आणि मुलास बजावतो कीं, ज्यांनीं पोटास चिमटा घेतला त्यांस विसरूं नकोस. सरकारकडून आमची मागणी याहून निराळी नाहीं. पुढच्या पाडव्यास पर्जन्यविचार वाचून झाल्यावर वर्ध्याच्या कास्तकारास आपल्या शिवाराच्या पावसाची खरी वार्ता वेळेवर मिळूं लागली, म्हणजे त्या माउलीस आकाशाच्या खर्चाचें उत्तर मिळालें असें आम्ही समजूं.