शंखात ओवलेली तार

परकराच्या नेफ्यात नाडी ओवताना सेफ्टी पिन कापडाच्या भलत्याच थरात शिरून मधूनच बाहेर निघाली, असं तुमचं कधी झालंय? माझं तर दर वेळी होतं! कानाच्या ऑपरेशनची गोष्ट ऐकताना मला नेमकी ती नाडीच आठवली.

मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत दुसरीत एक मुलगी आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. दोन वर्षांची असताना तिच्या कानात कॉक्लियर इम्प्लांट बसवलं. तिची आई मध्यंतरी भेटायला आली नि बोलता बोलता रडायलाच लागली. "बाई, हिच्याबरोबर ऑपरेशन झालेला मुलगा फोनवरसुद्धा बोलतो. मशीन तेच. आमची मात्र अजून 'साल' आणि 'शाल' यांत गोंधळते. सासूबाई म्हणतात, तूच मेहनत घेत नाहीस."

खरं सांगू? मनातून मलाही तसंच वाटलं होतं. पण माझी मावसबहीण कानाची डॉक्टर आहे. तिनं सगळं उलगडून सांगितलं, तेव्हा मी वरमले.

आपल्या कानात अगदी आत गोगलगायीच्या शंखासारखा, सुमारे अडीच वेढ्यांचा एक भाग असतो. त्याला कॉक्लिया म्हणतात. उलगडला तर जेमतेम ३५ मिलिमीटर! पण त्यात पेटीच्या पट्ट्यांसारखी सुरांची मांडणी असते. तोंडाशी उंच सूर, आत टोकाकडे खालचे. म्हणजे 'स'ची शीळ शंखाच्या तोंडाजवळ उमटते, 'ऊ' आणि 'म'चा घुमार आत. इम्प्लांटमध्ये या शंखात एक बारीक तार सरकवतात. तिच्यावर कंपनीप्रमाणे १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात. जो इलेक्ट्रोड ज्या जागी टेकेल, तिथला सूर मेंदूला ऐकू येतो.

ही तार आत न्यायची कशी, हा ऑस्ट्रेलियातल्या डॉ. ग्रेअम क्लार्क यांच्यापुढचा मोठाच पेच होता. त्यांच्या वडिलांना कमी ऐकू यायचं. १९७७ साली समुद्रकिनारी बसून त्यांनी एका शंखात गवताचं पातं सरकवून पाहिलं. शेंड्याला लवचीक आणि बुडाशी ताठ असलेलं पातं वळणं घेत आत गेलं! पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये त्यांनी अनेक इलेक्ट्रोडांचं आपलं यंत्र एका रुग्णाला बसवलं.

आता आपली नाडी. शंखाच्या आत पाण्यानं भरलेल्या पोकळ्या असतात, मध्ये नाजूक पडदे. तार खालच्या पोकळीतूनच जायला हवी. पडदा फाटून ती वरच्या पोकळीत शिरली, तर आतल्या नाजूक भागाला इजा होते आणि अशा रुग्णांना सरासरीनं शब्द कमी उमगतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. कधी टोक दुमडतं, कधी एखाददुसरा इलेक्ट्रोड शंखाबाहेरच राहतो.

शिवाय तार बहुधा शेंड्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे खालचे सूर उंच सुरांच्या जागेवर वाजतात. मोठेपणी ऐकू येईनासं झालेल्यांना म्हणूनच सुरुवातीला घरच्यांचे आवाज चिरके, पिपाणीसारखे वाटतात. काही महिन्यांत मेंदू सरावतो. जन्मतः न ऐकलेल्या मुलाला तुलना करायला जुनी आठवणच नसते.

अर्थात सगळं खापर तारेवर फोडू नका हं! ऑपरेशनच्या वेळचं वय, कानाची नस, रोजचा सराव, सगळ्यांचाच त्यात वाटा असतो. पण तुमच्या घरात असं मूल असेल, तर ऑपरेशननंतरच्या फोटोत तार कशी दिसते, किती इलेक्ट्रोड चालू आहेत, हे डॉक्टरांना जरूर विचारा. संकोच कसला? आणि रोज सकाळी मुलाच्या मागे उभं राहून म, ऊ, आ, ई, श, स हे सहा आवाज काढा. मुलानं ते परत म्हणायचे. तोंडावर पदर मात्र घेऊ नका, त्यानं 'स' दबतो. एखादा आवाज वारंवार चुकला, तर ऑडिओलॉजिस्टला सांगा. इलेक्ट्रोडांवर आवाज वाटून देण्याच्या कामाला मॅपिंग म्हणतात. ते नव्यानं करता येतं.

त्या आईनं हे सगळं केलं. तपासणीत तारेच्या तोंडाकडचे दोन इलेक्ट्रोड शंखाबाहेर राहिलेले आढळले. ते बंद करून मॅपिंग बदललं. अजूनही 'शाल'ची मधूनच 'साल' होते, पण हल्ली मुलगी स्वतःच थांबते आणि पुन्हा म्हणते. आणि सकाळचे ते सहा आवाज आता सासूबाई काढतात!