मंत्रिमंडळाच्या बैठकीतला मंत्री

निवडणुकीचा निकाल लागला की आपल्याकडे पहिली चर्चा खातेवाटपाची. गृह कुणाकडे, अर्थ कुणाकडे, मलईदार खाती कुणी पटकावली, कोणता जिल्हा कोणत्या पालकमंत्र्याच्या वाट्याला आला. मंत्रिमंडळाच्या बैठकीत हा मंत्री काय बोलणार, हे कुणी विचारत नाही. संसदीय पद्धतीत मात्र खाते चालवणे हे मंत्र्याचे अर्धेच काम. उरलेले अर्धे, आणि माझ्या मते अधिक मोलाचे, म्हणजे साऱ्या सरकारच्या निर्णयांत आपले मत मांडणे. शेतीमंत्र्यालाही परराष्ट्र धोरणावर बोलायचा हक्क असतो, कारण घटनेच्या ७५व्या कलमाने अवघ्या मंत्रिपरिषदेला लोकसभेपुढे सामूहिकरीत्या जबाबदार धरले आहे. ज्या निर्णयाचा जाब मला द्यावा लागणार, तो होण्याआधी मला विचारा, इतका हा सरळ हिशेब आहे. बैठकीत हवे तेवढे भांडावे, पण निर्णय झाला की बाहेर त्याची पाठराखण करावी; ते जमत नसेल तर राजीनामा द्यावा.

हा हिशेब कुठे चुकत होता, ते स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातच दोन मराठी मंत्र्यांनी राजीनामा देऊन सांगितले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१मध्ये कायदेमंत्रिपद सोडले, ते हिंदू कोड बिलासाठी, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्यांच्या निवेदनात आणखी कारणे होती: अनुसूचित जातींची उपेक्षा, काश्मीर, परराष्ट्र धोरण. त्यातच मंत्रिमंडळाच्या कामकाजावरची त्यांची तक्रार आहे आणि तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. महत्त्वाचे निर्णय मंत्रिमंडळाच्या छोट्या समित्यांत होतात. परराष्ट्र आणि संरक्षण या समित्यांवर आपल्याला घेतले नाही. मंत्रिमंडळाकडे झालेल्या निर्णयांची नोंद करण्यापुरतेच काम उरले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. अर्थशास्त्राचा एवढा मोठा अभ्यासक आणि आर्थिक समितीतही त्याला हक्काची जागा नव्हती! निवेदनाची प्रत आधी मागितली गेली, म्हणून त्यांनी ते सभागृहात वाचलेच नाही. ते बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांकडे दिले.

चिंतामणराव देशमुखांचे प्रकरण मुंबईचे, म्हणून आपल्या जिव्हाळ्याचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग केंद्रीय अर्थमंत्री, १९५२ साली कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आलेले. वृत्तीने ते प्रशासक होते, आंदोलक नव्हते. जानेवारी १९५६मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा झाली, मुंबईत गोळीबार झाले, माणसे मेली. त्याच वेळी देशमुखांनी राजीनामा देऊ केला, पण तो थांबून राहिला. जूनमध्ये पंतप्रधान नेहरूंनी मुंबईत येऊन केंद्रशासित मुंबईची घोषणा पुन्हा केली. २५ जुलै १९५६ रोजी देशमुखांनी लोकसभेत निवेदन केले. गोळीबाराची चौकशी नाकारल्याबद्दलची चीड त्यात होतीच. पण या निर्णयाचा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे आलाच नाही, हा त्यांचा घटनात्मक आरोप होता. नेहरूंनी आरोप नाकारले आणि धोरण जाहीर करण्याचा पंतप्रधानाचा अधिकार ठासून मांडला.

दोघांपैकी कोणाचे खरे? पंतप्रधान नेता असतो, तो पुढे होऊन बोलणार, हे मला मान्य आहे. पण लाखो माणसांच्या राज्याचा प्रश्न सहकाऱ्यांपुढे न ठेवता जाहीर होत असेल, तर मंत्री हा निव्वळ खातेप्रमुख उरतो. म्हणून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातला हा राजीनामा मी मराठी अस्मितेपुरता पाहत नाही. संसदीय सरकार कसे चालावे, यावर भारतात दिलेल्या सर्वांत स्पष्ट साक्षींपैकी ती एक आहे.

ती साक्ष ऐकली गेली नाही, हे एकोणीस वर्षांनी दिसले. २५ जून १९७५च्या रात्री राष्ट्रपतींची सही झाली आणि मंत्रिमंडळाला आणीबाणी कळली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. कामकाज नियमांतल्या बाराव्या नियमाने पंतप्रधानांना नेहमीची पद्धत बाजूला ठेवता येते. त्याचाच आधार घेतला गेला होता. निषेध म्हणून एकाही कॅबिनेट मंत्र्याने पद सोडले नाही. जयप्रकाश नारायणांशी बोलणी करा असे सांगणारे राज्यमंत्री मोहन धारिया मार्चमध्येच दूर झाले होते. पुढे १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला. बारावा नियम मात्र राहिला. २३ नोव्हेंबर २०१९च्या पहाटे महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली, तीही याच नियमाने. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मागाहून आली.

वैयक्तिक जबाबदारीच्या बाबतीत आपला इतिहास थोडा बरा आहे. १९५६च्या अरियालूर रेल्वे अपघातानंतर रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती मुंद्रांच्या कंपन्यांचे शेअर घेतले, त्या मुंद्रा प्रकरणात खासदार फिरोझ गांधींनी सभागृहात सरकारला घेरले, न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्याला झटकता येणार नाही असे बजावले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना १९५८मध्ये जावे लागले. २६/११नंतर केंद्रात शिवराज पाटील आणि राज्यात आर. आर. पाटील या दोन्ही गृहमंत्र्यांनी राजीनामे दिले. आर. आर. पाटील पुढच्याच वर्षी त्याच खात्यावर परत आले.

आता संख्येचे. २००३च्या ९१व्या दुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणली, पण राज्यांत ती १२पेक्षा कमी नसावी असेही म्हटले. महाराष्ट्राच्या २८८ आमदारांमागे ही मर्यादा ४३ होते. गोव्यात ४०चे १५ टक्के ६च भरतात, म्हणून तिथे १२ चालतात. म्हणजे दर दहा आमदारांत तीन मंत्री. सत्ताधारी बाकांवरचे इतके लोक सरकारात बसले, तर सरकारला सभागृहात प्रश्न विचारायला उरते कोण? उलट टोक आपण महाराष्ट्रात २०२२मध्ये पाहिले: ३० जूनला शपथविधी झाला आणि ९ ऑगस्टपर्यंत मुख्यमंत्री व उपमुख्यमंत्री अशा दोघांचेच मंत्रिमंडळ होते. राज्याचे निर्णय त्या काळातही होत होते. दोघांच्या बैठकीला सामूहिक विचार म्हणणे मला तरी पटत नाही.

गोपनीयतेच्या शपथेमुळे मंत्र्याने बैठकीत काय मत दिले, हे एरवी आपल्याला कळत नाही. ते कळते राजीनाम्याच्या निवेदनांतून, म्हणून ती वाचली पाहिजेत. देशमुखांचे निवेदन लोकसभेच्या कामकाजात छापलेले आहे. बाबासाहेबांचे निवेदन महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ग्रंथमालेच्या चौदाव्या खंडात आहे. यंदाच्या सुट्टीत ही दोन्ही निवेदने वाचा, आणि तुमच्या जिल्ह्यातला मंत्री भेटला तर निधीसोबत त्याला हेही विचारा, की मंत्रिमंडळापुढे आलेली टिपणे तो बैठकीआधी वाचतो का.