ड्रम का तडकले?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाने बियाणं ठेवायला वीस निळे ड्रम घेतले. दिवाळीपर्यंत सात तडकले. दुकानदार म्हणाला, "तुम्हीच उन्हात ठेवले." अंगणात ड्रम मांडले होते ते आमच्या कोषाध्यक्ष ताईंनी. त्यांनी हे इतकं मनाला लावून घेतलं की भरपाई पदरची द्यायला निघाल्या. माझी भाची पुण्यात एम.एस्सी. करते. ती म्हणाली, "मावशी, तुकडा दे. इन्फ्रारेड मशीनवर बघते."

तिने काय बघितलं ते सांगते. ड्रमचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिथिलीन. त्याच्या आत कार्बन-हायड्रोजनचे लांबच लांब दोरे असतात. आपण नऊवारी घडी घालून ठेवतो ना, तसे हे दोरे जागोजागी घडीवर घडी होऊन बसतात. तो भाग स्फटिकाचा. बाकीचा नुसता गुंता. घड्या जास्त तर प्लॅस्टिक कडक, जसा ड्रम किंवा ती करकर वाजणारी पिशवी. दुधाच्या पिशवीतल्या दोऱ्यांना मात्र फांद्या असतात. अंगभर गोंडे लावलेल्या साडीची घडी कशी बसणार? म्हणून ती पिशवी मऊ.

इन्फ्रारेड म्हणजे लाल रंगापलीकडचा, न दिसणारा प्रकाश. चुलीपुढे बसल्यावर दुरून अंगाला लागते ती ऊब त्याचीच. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी तो थर्मामीटर लावून शोधला. दोऱ्यातले अणू सारखे हलत असतात, आणि प्रत्येक हालचालीची लय ठरलेली. त्या लयीशी जुळेल तेवढाच प्रकाश प्लॅस्टिक शोषतं. मशीन तिथे कागदावर टोक काढतं.

आता झोक्याचं बघा. एकटा झोका एकाच लयीत हलतो. पण एकाच आडव्या दोरीला दोन झोके बांधले, तर दोघी एका दिशेने गेल्या की एक लय, उलट गेल्या की दुसरी. घडीतले शेजारी दोरे असेच एकमेकांना ओढतात, म्हणून ७२० आणि ७३० या आकड्यांवर दोन टोकं येतात. गुंत्यात ७२० जवळ एकच. ७३० चं टोक उंच, तर घड्या जास्त. (तुकडा ताणलेला असेल तर हे टोक फसवतं, असं भाची बजावून सांगते.)

आमच्या तडकलेल्या तुकड्यात घड्या वाढल्या होत्या. मला वाटलं, मग तो मजबूत हवा! पण ऊन दोरे तोडतं. तुटलेले आखूड दोरे सहज घडीत जातात, आणि एका घडीला दुसरीशी बांधणारे दोरे कमी होतात. ड्रम कडक होतो, पण ठिसूळ. शिवाय १७१५ जवळ नवंच टोक होतं. दोऱ्याला हवेतला ऑक्सिजन चिकटल्याची ती खूण. म्हणजे ऊन लागलं होतं हे खरं. ताईंचा चेहरा पडला.

भाचीनेच विचारलं, "अंगणात कधीच न गेलेला ड्रम आहे का?" एक होता, आल्या दिवसापासून आतल्या खोलीत, कांद्याच्या पोत्यांमागे. त्याचा बाहेरून एक आणि आतून एक पातळ काप दिला. हे मशीन कापाचा अगदी वरचाच थर वाचतं. आतली बाजू स्वच्छ निघाली. बाहेरच्या बाजूला तेच १७१५ चं टोक. हे ऊन आमच्या अंगणातलं नव्हतंच, ड्रम आमच्याकडे यायच्या आधीचं होतं.

दोन्ही कागद घेऊन आम्ही पाच जणी दुकानात गेलो. ताई पुढे होत्या. सात ड्रम बदलून मिळाले. उरलेल्या तेरांचं बोलणं चालू आहे.