नवरात्रात बंगाली घरात मटण का शिजतं?

गेल्या नवरात्रात आमच्या अपार्टमेंटच्या बैठकीत एक विषय निघाला. पाण्याची टाकी आणि पार्किंग झाल्यावर एकजण म्हणाले, आपल्या घरात घट बसलेले असतात आणि तळमजल्यावर नवमीला मटण शिजतं. त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे. तळमजल्यावर राहतात ते सोन्याचे कारागीर. पश्चिम बंगालमधल्या घाटाळ-दासपूर भागातले. त्या भागातले कारागीर देशभरच्या सराफ बाजारांत भेटतात. आम्ही त्यांना दादा म्हणतो, हा शब्द दोघांच्याही भाषेत आहे. त्यांच्या बायकोला बौदी, म्हणजे आपली वहिनी. भाडेकरूंना बैठकीला बोलवायची पद्धत नाही, त्यामुळं दोघंही तिथं नव्हते. मी बातमीदार, चार लोकांशी बोलायची सवय असलेला, म्हणून सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

सांगायला गेलो आणि दीड तास ऐकून आलो. जे ऐकलं ते आपल्या लोकांना माहीत असायला हवं असं वाटलं, म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडं नवरात्र म्हणजे व्रत. घट, अखंड दिवा, वरीचा भात, साबुदाणा. कोण नऊ दिवस चप्पल घालत नाही, कोण पहाटे उठून दुर्गामाता दौडीला जातं. देवी ही आई, आणि आईपुढं आपण संयम पाळायचा. बंगालमध्ये नातं उलटं आहे. त्यांची दुर्गा म्हणजे उमा, घरची लेक. कैलासावर नवऱ्याकडं असते. लक्ष्मी, सरस्वती, कार्तिक, गणेश या चार पोरांना घेऊन षष्ठीला माहेरी येते आणि दशमीला परत जाते. सगळा उत्सव या चार-पाच दिवसांचा. आता वर्षानं लेक घरी आली तर घरचे उपास धरून बसतील काय? हे मी घरी सांगितलं तेव्हा आमची आई पटकन म्हणाली, "लेक आल्यावर तिला वरीचा भात घालतात काय कोण!"

आणि आपल्याला तरी हे परकं कुठं आहे? आपल्या गौरी माहेरवाशिणीच. कोकणात कित्येक घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, मटण, मासे, कुठं खेकडे. शेजारी गणपती बसलेला म्हणून मध्ये पडदा धरतात. खंडेनवमीला आपल्याच कित्येक घरांत बकरं पडतं. बैठकीत हे कुणाला आठवलं नाही. मलाही नाही.

बरं, पाचही दिवस मांसाहार असतो असंही नाही. अष्टमीला सकाळी अंजली, म्हणजे हातात फुलं घेऊन मंत्र म्हणून ती देवीला वाहायची. ती होईपर्यंत पोटात काही जात नाही. त्यानंतर लुची, म्हणजे मैद्याची पांढरीशुभ्र छोटी पुरी, आणि ओल्या खोबऱ्याचे तुकडे घातलेली हरभऱ्याची डाळ. नैवेद्याला ते 'भोग' म्हणतात. त्यातली खिचडी आपल्यापेक्षा वेगळी. मुगाची डाळ आधी कोरडीच खमंग भाजायची, मग गोविंदभोग नावाच्या बारीक सुवासिक तांदळाबरोबर शिजवायची. इथं तो तांदूळ मिळत नाही, बौदी आंबेमोहर घेतात. सोबत लाबडा, म्हणजे भोपळा, वांगं, मुळा, बटाटा अशी मिसळीची भाजी. कांदा-लसूण कशातच नाही. अष्टमी संपायची शेवटची 24 मिनिटं आणि नवमीची पहिली 24 मिनिटं मिळून संधिपूजा, तेव्हा 108 दिवे लावतात.

नवमीला मग कोषा मांगशो. मोहरीच्या तेलात मटण मंद आचेवर परतत राहायचं, मसाला काळसर होईपर्यंत. दादांच्या घरी दोन किलो आणतात आणि कारखान्यातली गावाकडची पोरं जेवायला येतात. यातच एक गंमत आहे, 'निरामिष मांगशो'. शब्दशः शाकाहारी मटण! बळी दिलेल्या बकऱ्याचं मांस हा देवीचा प्रसाद, म्हणून ते कांदा-लसणाशिवाय दही, आलं, जिरं, हिंग घालून करायचं. आता पुष्कळ ठिकाणी कोहळा नाहीतर ऊस कापून बळीचा विधी करतात. म्हणजे देवीचं मटण सोवळ्यात बसतं, आणि कडक सोवळ्याच्या घरात मसुराची डाळ बसत नाही. ती 'आमिष' धरतात. मी कॉमर्सचा माणूस, पण हा हिशेब मला काही जुळवता आला नाही.

हिशेब जुळत नाही तिथंच बौदी थोडा वेळ गप्प झाल्या. मग त्यांनी आजेसासूंचं सांगितलं. त्या लहान वयात विधवा झालेल्या. बंगालमध्ये वरच्या जातींच्या घरांत विधवेला मासे, मटण, कांदा, लसूण, मसूर सगळं बंद. तिची चूलही वेगळी. केळफुलाची भाजी, भिजवून वाटलेल्या डाळीच्या वड्यांचा 'धोकार दालना', भाज्यांच्या साली परतून केलेली तोंडीलावणी. आज हॉटेलात महाग मिळणाऱ्या या पदार्थांना त्या विधवांच्याच हातांनी चव आणली. सणाचा भोग त्यांनी रांधायचा आणि नवमीच्या पंगतीपासून लांब बसायचं. ज्यांच्या प्रयत्नांनी 1856 मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला ते ईश्वरचंद्र विद्यासागर घाटाळजवळच्याच बीरसिंहचे. कायदा झाला, पण ताटातलं बंधन पुढं कित्येक पिढ्या राहिलं.

दोन वर्षांपूर्वी दादांचे वडील गेले. आता आई इथंच असतात. गावाहून थोरल्या जावेचा फोन आला होता, त्यांचं आमिष बंद करा म्हणून. बौदींनी "हो" म्हटलं. नवमीला मात्र त्यांनी सासूबाईंच्या ताटात मटण वाढलं. पहिल्या वर्षी म्हातारीनं ताट सरकवलं आणि उठून गेली. मागच्या वर्षी बराच वेळ बघत बसली आणि मग खाल्लं. "लिहायचं तर लिहा, पण नाव नको," बौदी म्हणाल्या, "गावी कळलं तर उगीच बोलणं होईल."

दशमीचं तेवढं सांगायचं राहिलं. निरोपाच्या दिवशी काही जुन्या घरांत उमेला पांता भात देतात, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, आणि सोबत अळूची भाजी. चार दिवस इतका थाटमाट आणि जाताना गरिबाघरचं जेवण. सवाष्णी विड्याच्या पानानं मूर्तीचा चेहरा पुसतात, तोंडाला मिठाई लावतात. नंतर घरोघरी नारळाचे लाडू आणि खारी निमकी, थोरांच्या पाया पडणं. मागच्या दसऱ्याला तसले सात-आठ लाडू आमच्याही घरी आले. आईनं डबा रिकामा द्यायचा नाही म्हणून त्यात आपट्याची पानं आणि करंज्या घालून परत दिला.

बैठकीतला निरोप मी सांगितलाच नाही. सेक्रेटरींनी दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी त्यांना म्हटलं, नवमीला माझ्याबरोबर खाली चला, ताट वाढलेलं असतं. अजून हो-नाही काही बोललेले नाहीत.