भिंतीमागचे पाणी

पावसाळा सुरू झाला की भिंत कोसळून माणसे दगावल्याच्या वार्ता येऊ लागतात. २९ जून २०१९ रोजी पुण्यात कोंढव्याला एका गृहसंकुलाची सीमाभिंत लगतच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण मृत्युमुखी पडले. तीनच दिवसांनी, २ जुलैला, मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यातील वस्तीवर जलाशयाच्या आवाराची भिंत पडली. दोन्ही वेळा माणसे झोपेत होती आणि दोन्ही वेळा अतिवृष्टीकडे बोट दाखविण्यात आले. पाऊस हे निमित्त खरेच; परंतु भिंतीचे दुखणे बहुधा एका रात्रीचे नसते.

मातीच्या रेट्याचे गणित कूलाँ या फ्रेंच अभियंत्याने १७७६ मध्येच मांडले. माती तोलून धरणारी भिंत किंचित पुढे सरकतेच. त्यामुळे मातीचा रेटा थोडा कमीही होतो. प्रश्न आहे तो हे सरकणे मर्यादेत ठेवण्याचा, आणि ती मर्यादा मोडते ते मागे साचलेले पाणी. तीन मीटर उंचीच्या भिंतीवर कोरडी माती दर मीटर लांबीमागे साधारण पावणेतीन टनांचा रेटा देते. तीच माती पाण्याने काठोकाठ भरली की रेटा दुपटीहून अधिक होतो.

यावरचे उपाय साधे आहेत. भिंतीमागे खडीचा थर हवा, भिंतीत पाणी निथळण्याची छिद्रे हवीत, आणि पायथ्याशी खोदकाम होता कामा नये. व्यवहारात मात्र छिद्रे गिलाव्याने बुजतात, वरचा भराव वाढतो आणि पायथा खणला जातो. भिंत कलू लागली की ओळंबा ते दाखवितो. तड्यावर बसविलेली काचेची पट्टी तडकली, तर हालचाल चालू असल्याचे कोणालाही कळते.

पण पाहावयाचे कोणी? भिंतीची मालकी बहुधा वरच्या अंगाला राहणाऱ्यांची असते. खालच्या अंगाला राहणाऱ्यांच्या वाट्याला केवळ तिची सावली येते. म्हणूनच ही तपासणी मालकाच्या मर्जीवर सोडता येणार नाही. दर मे महिन्यात प्रत्येक नगरपालिकेने अशा भिंतींची पाहणी करून तिची नोंद वस्तीतील लोकांना वाचता येईल अशी लावली पाहिजे. जुलैत ढिगारा उपसणाऱ्या पथकापेक्षा मे महिन्यात ओळंबा धरणारा एक माणूस केव्हाही स्वस्त पडतो.