चाक बदललं, पण सुकाणूचं काय?

१० सप्टेंबर २०१७ रोजी ‘आयएनएसव्ही तारिणी’ ही ५५ फुटी शिडाची नौका गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी अधिकारी, सगळ्या स्त्रिया. केप हॉर्न मागे पडलं, दक्षिण महासागराचा मारा सोसून झाला आणि घर टप्प्यात आलं, तेव्हा त्यांना मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात न ठरलेला थांबा घ्यावा लागला. सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला होता. दुरुस्ती करून २१ मे २०१८ रोजी तारिणी गोव्यात परतली.

नौदलाच्या नौकेवर, तयारीच्या माणसांच्या हातात जे घडू शकतं, ते पंचवीस-तीस फुटी खासगी बोटीवर सहज घडतं. तरीही बोट सुधारायला काढली की मालकाची नजर आधी चकचकीत चाकाकडे आणि ऑटोपायलटच्या पडद्याकडे जाते. चाक हे एका लांब साखळीचं वरचं टोक आहे. त्याखाली साखळी, तारदोर, पुल्या, सुकाणूच्या खांबावर बसवलेली अर्धगोल चकती आणि सगळ्यात शेवटी पाण्यातलं सुकाणू असतं. बरेचसे गैरसमज या खालच्या भागांकडे पाठ फिरवल्यामुळेच होतात.

गैरसमज : टिलर जुनाट, चाक आधुनिक. चाक बसवलं की बोट सुधारली.

टिलर म्हणजे सुकाणूला थेट जोडलेला दांडा. त्यात तुटण्यासारखं फार काही नसतं आणि पाण्याचा जोर थेट तळहाताला कळतो. जेमतेम साडेसहा मीटर लांबीच्या ‘मिनी’ वर्गातल्या शर्यतीच्या बोटी टिलरवरच अटलांटिक ओलांडतात. चाकामुळे ताकद कमी लागते, हे खरं. बोट मोठी आणि जड असेल तर त्याला पर्याय नसतो. पण लहान बोटीत चाकाबरोबर तपासायचे दहा सांधेही येतात. तारदोराचे धागे पुलीपाशी एकेक करून तुटू लागतात आणि तिथं नजर पोहोचत नाही. म्हणून नव्या चाकाचे पैसे मोजण्याआधी जुना तारदोर कापडाने पुसून पाहावा. तुटलेला धागा कापडात अडकतो.

गैरसमज : चाक मोठं केलं की बोट लवकर वळते.

सुकाणू किती वळणार, हे चाकाचे फेरे आणि खालची चकती ठरवते, चाकाचा व्यास नव्हे. ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरचं चाक लावलं, तर तेवढ्याच वळणासाठी हाताला दोन-तृतीयांश जोर पुरतो. पण हात दीडपट अंतर फिरवावा लागतो. मोठ्या चाकाचा खरा फायदा बसण्याच्या जागेत आहे. सुकाण्याला एका कडेला बसून शीड न्याहाळता येतं. याउलट लहान बोटीत मोठं चाक वाट अडवतं, म्हणून घडीचं चाक निघालं.

चाक बदलायचं ठरलंच, तर आधी जुनं उतरवून शाफ्टचं टोक मोजावं. ते सरळ आहे की निमुळतं, चावीची खाच केवढी, हे जुळलं नाही तर महागडं चाकही बसत नाही.

गैरसमज : ऑटोपायलट बोटीच्या लांबीवरून निवडायचा.

यंत्राला ढकलायचं असतं ते वजन. ‘रेमरीन’च्या टिलरवर बसणाऱ्या यंत्रांपैकी एसटी-१००० ची मर्यादा ३,००० किलो आहे, एसटी-२००० ची ४,५०० किलो, चाकावर बसणाऱ्या ईव्ही-१०० ची ७,५०० किलो. हे वजन भरलेल्या बोटीचं धरायचं. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. त्यावर डिझेल, नांगर, साखळी, शिधा आणि माणसं. कागदावर चार टनांची असलेली बोट प्रवासाला निघताना पाच टनांजवळ पोहोचू शकते, म्हणून वीसेक टक्के जास्तच धरावेत.

वीजही मोजावी लागते. १२ व्होल्टवर यंत्राने सरासरी दोन अँपियर घेतले, तर दहा तासांत २० अँपियर-तास गेले. १०० अँपियर-तासांच्या साध्या लेड-अॅसिड बॅटरीतून निम्म्याहून जास्त काढलं तर तिचं आयुष्य घटतं. म्हणजे हातातल्या पन्नासांतले वीस एका रात्रीत एकट्या ऑटोपायलटने संपवले. दिवे, रेडिओ आणि पंप वेगळेच.

गैरसमज : बोट भरकटते, म्हणजे ऑटोपायलट कमकुवत आहे.

१९२२ मध्ये निकोलस मिनॉर्स्की या अभियंत्याने जहाजाच्या स्वयंचलित सुकाणूचं गणित मांडलं. त्याने मुरलेल्या सुकाण्यांचं निरीक्षण केलं होतं. दिशा आत्ता किती चुकली एवढंच ते बघत नसत. चूक किती वेगाने वाढतेय आणि आतापर्यंत किती साचलीय, याचाही त्यांना अंदाज असे. आजच्या ऑटोपायलटच्या पोटात हेच तत्त्व आहे. पण शीड जास्त ताणलेलं असेल आणि बोट सतत वाऱ्याच्या दिशेला तोंड फिरवत असेल, तर उत्तम यंत्रही वीज जाळत झुंजत राहतं. तेव्हा यंत्राची सेटिंग बदलण्याआधी शीड कमी करावं. हातात सुकाणू जड लागत असेल, तर ते यंत्रालाही जडच लागतं.

दुसरं कारण होकायंत्राच्या सेन्सरचं. तो इंजिन, स्पीकर आणि लोखंडापासून दूर हवा. ज्या कपाटामागे तो बसवला, त्यात पुढे कुणी डबाबंद अन्न रचलं तरी दिशा चुकते. बसवल्यावर शांत पाण्यात सावकाश गोल फेऱ्या मारून तो जुळवून घ्यायचा असतो.

गैरसमज : दिशा लावून दिली की बोट आपोआप नीट जाते.

होकायंत्रावर चालणारा ऑटोपायलट फक्त बोटीचं तोंड एका दिशेला धरून ठेवतो. प्रवाह ताशी एक सागरी मैलाने आडवा ढकलत असेल, तर सहा तासांत बोट सहा मैल बाजूला गेलेली असते आणि पडद्यावरचा दिशेचा आकडा तसाच असतो.

मुंबईहून गोव्याला जाताना तर वाराच बाजू बदलतो. दुपारी वायव्येचे खारे वारे उजव्या बाजूने मागून येतात, रात्री मतलई वारे डावीकडून, जमिनीवरून. होकायंत्रावर दक्षिणेला लावलेली बोट तशीच जात राहते. वारा मागून फिरत पलीकडे गेला, तर शिडाचा आडवा दांडा एका झटक्यात बोटीवरून फिरतो. त्या झटक्याने डोकी फुटली आहेत, डोलकाठ्या मोडल्या आहेत. वाऱ्याच्या कोनावर चालवायची सोय अशा वेळी कामाला येते. पण मग वारा फिरला की बोटही फिरते, म्हणून मार्गावर लक्ष हवंच.

समोरचं तर यंत्राला दिसतच नाही. मुंबई-रायगड किनाऱ्यावर खुंटांना बांधलेली डोल जाळी असतात, रात्री मासेमारी बोटी असतात. डोळ्यांनी आणि कानांनी सतत टेहळणी ठेवावी, असं समुद्रातल्या टकरी टाळण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचा पाचवा नियम सांगतो. ऑटोपायलट असला तरी त्यातून सुटका नाही.

गैरसमज : विजेशिवाय स्वयंचलित सुकाणू नाही.

विंडव्हेन हे स्वयंचलित सुकाणूचं साधन वाऱ्याच्या आणि पाण्याच्या जोरावर चालतं. १९६० च्या एकहाती अटलांटिक शर्यतीत ब्लॉन्डी हॅस्लर आणि फ्रान्सिस चिचेस्टर यांनी त्याची उपयुक्तता सिद्ध केली. मुंबईत बांधलेली ३२ फुटी ‘सुहेली’ घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८ मध्ये निघाले, तेव्हा त्यांच्याकडेही असं साधन होतं. वाटेत ते निकामी झालं. उरलेला प्रवास त्यांनी शिडांचा तोल साधून, अधूनमधून हाती सुकाणू धरून पुरा केला आणि २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, ते एकट्याने न थांबता जगप्रदक्षिणा करणारे पहिले माणूस ठरले.

गैरसमज : चाक निकामी झालं तर ऑटोपायलट आहेच.

हे ऑटोपायलट कुठे बसवलाय त्यावर अवलंबून आहे. चाकावर बसवलेलं यंत्र तोच तारदोर ओढतं. तारदोर तुटला की दोन्ही एकदम गेले. डेकखाली, सुकाणूच्या खांबावर स्वतःचा वेगळा हात लावून बसवलेलं यंत्र मात्र तारदोर तुटल्यावरही बोट वळवू शकतं. खर्च आणि मेहनत जास्त, पण लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने पैसे इथं घालावेत.

राहिला आणीबाणीचा टिलर. बहुतेक चाकाच्या बोटींत तो कपाटाच्या तळाशी पडून असतो आणि कित्येकांनी तो एकदाही लावून पाहिलेला नसतो. एखाद्या सकाळी, वारा निजलेला असताना, खाडीत चाक मोकळं सोडून या टिलरवर अर्धा तास बोट चालवावी. डेकवरचं झाकण उघडायची किल्ली सापडते का, दांडा चाकाच्या खांबाला अडतो का, एका माणसाला तो पेलतो का, हे त्या अर्ध्या तासात कळतं. अडत असेल, तर नवं चाक मागवण्याआधी तो दांडा नीट करून घ्यावा.