बिल्डरच्या आधी पोचलेली यादी

न्यू जर्सी हे अमेरिकेतलं सगळ्यात दाट वस्तीचं राज्य. एडिसनपासून प्लेन्सबरोपर्यंत मराठी कुटुंबं आता जागोजागी आहेत, आणि मध्य जर्सीतल्या कितीतरी वसाहती एके काळच्या शेतांवर उभ्या आहेत. तरीही हायवे सोडून थोडं आत गेलं की रान लागतं, दलदल लागते. एवढ्या महागड्या जमिनीवर बिल्डरचा हात पडला कसा नाही, ह्या कुतूहलापोटी चौकशी सुरू केली आणि येऊन पोचलो टाउनशिपच्या एन्व्हायर्नमेंटल कमिशनपाशी.

इतिहास थोडक्यात असा. 1959 साली मॉरिस काउंटीतल्या 'ग्रेट स्वॉम्प' नावाच्या दलदलीवर प्रचंड विमानतळ बांधायचा घाट घातला गेला. आसपासच्या लोकांनी पैसे गोळा केले, जमीन विकत घेतली आणि ती सरळ केंद्र सरकारला अभयारण्यासाठी देऊन टाकली. विमानतळ बारगळला. 1961 मध्ये मोकळ्या जमिनी विकत घेण्यासाठी राज्याची 'ग्रीन एकर्स' योजना आली आणि 1968 च्या कायद्याने गावोगावी कमिशन नेमायची मुभा मिळाली. सक्ती मात्र नाही.

सभासद पाच ते सात, मेयरने नेमलेले, मुदत तीन वर्षांची. त्यांतला एक जण बांधकामाचे अर्ज तपासणाऱ्या प्लॅनिंग बोर्डावरही असलाच पाहिजे. मानधन शून्य. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी टाउन हॉलमध्ये बसायचं. लष्कराच्या भाकऱ्याच म्हणायच्या.

पण ह्या मंडळींच्या हातात कायद्याने एक विलक्षण काम दिलंय: यादी करायची. गावातल्या प्रत्येक मोकळ्या जागेची, मग ती सरकारी असो वा खासगी, दलदल आणि पाणथळसुद्धा. आपल्याकडच्या सातबाऱ्यावरून जमीन कुणाची ते कळतं; ह्या यादीवरून तिथे पाणी कुठे मुरतं ते कळतं. माती कुठली, उतार किती, ओढ्याला पूर आला तर कुठपर्यंत चढतो, भूजल किती खोल, हे सगळं नकाशांच्या थरांत.

आणि खरी मेख पुढे आहे. 1975 च्या जमीन-वापर कायद्यात असं कलम आहे की कमिशनने अशी सूची करून प्लॅनिंग बोर्डाला दिली असेल, तर बांधकामाच्या प्रत्येक अर्जाची प्रत कमिशनला मिळाली पाहिजे. यादी नाही, तर प्रतीवर हक्क नाही. घरबसल्या तक्रारी करणाऱ्यांना आधी गृहपाठ करायला लावणारी ही अट मला फार आवडली.

प्रत आली की टेबलावर दोन कागद शेजारी-शेजारी पसरतात. बिल्डरच्या नकाशात इमारती, पार्किंग आणि कोपऱ्यात पावसाचं पाणी साठवायचा खड्डा. कमिशनच्या नकाशात त्याच कोपऱ्यात कायम ओल धरणारी माती. म्हणजे खड्डा आधीच भरलेला असणार! शेजारच्या झाडीत एखादं वसंतातलं डबकं असतं. उन्हाळ्यात ते आटतं, म्हणून त्यात मासे नसतात, आणि म्हणूनच रानबेडूक तिथे अंडी घालतात. जुलैमध्ये पाहणी करणाऱ्याला तिथे नुसता पालापाचोळा दिसेल. मार्चमध्ये पाहिलेल्याने ते यादीत आधीच टिपलेलं असलं, तरच वाद घालता येतो.

वाद घालता येतो, एवढंच. कमिशनचं मत सल्ल्यापुरतं. मॅसॅच्युसेट्समधली अशीच कमिशनं पाणथळीजवळच्या बांधकामावर स्वतः अटी घालू शकतात. जर्सीत तो अधिकार राज्याच्या पर्यावरण खात्याकडे आहे. त्यातून ते प्रतीचं कलम आपलं आपणच पातळ होतं: प्रत पाठवायची राहिली तरी सुनावणी रद्द ठरत नाही, असं त्यातच लिहून ठेवलंय. दात दिले आणि लगेच कवळी काढून घेतली.

पैशाचं कुलूप त्यापेक्षा मजबूत आहे. गावाने 'ग्रीन एकर्स'चा निधी घेतला की त्यातून घेतलेली जमीनच नव्हे, गावाने आधीपासून राखलेल्या बागा आणि मैदानंही बंधनात येतात. त्या दुसऱ्या कामाला वापरायच्या तर राज्याची मंजुरी आणि भरपाई, दोन्ही लागतात. अनेक गावांनी मतदान करून मोकळ्या जमिनींसाठी घरपट्टीवर जादा कर बसवून घेतलाय. मात्र जमीन घ्यायला जसा पैसा उभा राहतो तसा ती सांभाळायला राहत नाही. हरणं इतकी वाढली आहेत की कोवळी रोपं उरत नाहीत, आणि खाली स्टिल्टग्रास नावाचं परदेशी गवत पसरतं. कागदोपत्री राखलेलं रान आतून म्हातारं होत चाललंय.

त्याहून अवघड प्रश्न घरांचा. 1975 च्या माउंट लॉरेल निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की वाढत्या गावांनी कमी उत्पन्नाच्या लोकांच्या घरांचा आपला वाटा उचललाच पाहिजे. ते बजावणं भाग होतं. मोठमोठ्या प्लॉटचे नियम करून गरिबाला वेशीबाहेर ठेवण्याची खोड तिथल्या गावांना होतीच, आणि 'मोकळी जागा' ही त्या खोडीची सोयीस्कर ढालही होती. 2024 च्या नव्या कायद्याने तर प्रत्येक गावाला पुढच्या दहा वर्षांच्या आराखड्यासाठी मुदतीच बांधून दिल्या. कमिशनने फक्त 'इथे नको' म्हटलं, तर बिल्डरच काय, न्यायाधीशही संशयाने बघणार. कमिशनला 'तिथे बांधा' हेही सांगावं लागतं: ओस मॉल, रिकामी ऑफिसं, आधीच डांबर टाकलेल्या जागा. पण टर्नपाइक हायवेच्या 8ए एक्झिटभोवती गोदामांची रीघ लागलेली आहे, आणि अशा जागांवर गोदामवाल्यांचीही नजर असते.

आपल्याकडे 2002 च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक समित्या आणि लोक-नोंदवह्या आल्या. नोंदवही करून कपाटात ठेवायची सवय इथे आहे, तशी तिथेही. पंचवीस वर्षांपूर्वीची यादी घेऊन सुनावणीला उभ्या राहिलेल्या सभासदाला बिल्डरचा वकील एकच प्रश्न विचारतो: ह्यातलं आज काय शिल्लक आहे?